भिंतीपलीकडचं मशीन

— नाही, ते नंतर लिही. आधी पेन ठेव आणि या भिंतीला कान लाव. लाव ना, भिंत काय चावत नाही. दोन आवाज येतात का? एक बारीक, डासासारखा — ते नवं मशीन, तुमच्या वीज कंपनीनं गेल्या वर्षी अर्ध्या किमतीत दिलेलं. आणि तो दुसरा, जाडा, खोकल्यासारखा? ते मशीन तुमच्या कागदावर मेलेलं आहे, पोरी. मेलेलं.

माझं बघायला आलीस, माहीत आहे मला. बघ, ते कुठे पळून जात नाही. सेकंडहँड घेतलेलं, वीज खातं हत्तीसारखी आणि दूध गार करतं उपकार केल्यासारखं. पुढचा उन्हाळा निघायचा नाही त्याच्यानं. तुझ्या योजनेतून नवं मिळालं तर डेअरी राहील, नाहीतर शटर ओढून घरी बसायचं. ते बोलू. आधी पलीकडचं.

पलीकडे कोण? माझा धाकटा भाऊ. एकच दुकान होतं आमचं. बापानं एकाच दिवशी दोन मशिनं आणली होती, एकाच कंपनीची, एकाच हिरव्या रंगाची. वाटणी झाली, मधे ही भिंत आली, एक मशीन त्याला, एक मला. इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण एका उन्हाळ्यात माझं मशीन बसलं. चाळीस कॅन दूध आत. मी गेलो त्याच्याकडे — मी, थोरला — म्हटलं, एक रात्र ठेव. तो म्हणाला, जागा नाही दादा. जागा नाही! त्या दिवशी त्याची गाडी वाटेत बंद पडलेली, थेंबभर दूध आलं नव्हतं. रिकामी खोली गार करत बसला होता. आणि मी इकडे या भिंतीला टेकून ते ऐकत होतो. सकाळी चाळीसच्या चाळीस कॅन गटारात. बायकोनं ओतले, माझे हात चालेनात. ती म्हणाली, जाऊ द्या हो. तिनं जाऊ दिलं. ती चांगली होती, तिला जमायचं. मला नाही जमलं.

तर तुमची योजना. तुमचा माणूस येतो, जुनं मशीन चालू आहे का बघतो, नंबर लिहून घेतो. पंधरा दिवसांनी दुसरे दोघं येतात, जुन्याच्या कॉम्प्रेसरला भोक पाडतात, फोटो काढतात, मग नवं बसतं. मारणं म्हणता ना तुम्ही त्याला? तर त्या पंधरा दिवसांत नंबरप्लेट बदलली. मेलेल्याच्या अंगावर जित्याची, जित्याच्या अंगावर मेलेल्याची. त्या दोघांनी मढ्याला भोक पाडलं, फोटो काढला आणि गेले. खरं जुनं मागच्या खोलीत गेलं, अजून चालतंय. आता जा आणि त्याच्या पाठीचा पत्रा काढ. प्लेटला चार स्क्रू आहेत, त्यातला एक पितळी —

मला कसं माहीत? आता कसं म्हणजे — दिसतं माणसाला. शेजारी राहतो.

बरं, पितळीच का, तर माझ्या डब्यात लोखंडी तीनच सापडले. झालं समाधान? त्याच्याकडे मेलेलं मशीन कुठून येणार? माझंच ते, बसलेलं, मागे पडून होतं. इतक्या वर्षांनी उंबरा ओलांडून आला, दादा म्हणाला, हात जोडले. म्हटलं, घेऊन जा. प्लेटही मीच बदलून दिली, तो धांदरट आहे, त्याच्यानं झालं नसतं. त्याला वाटलं भाऊ विरघळला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मी म्हटलं, येऊ दे. वर्षभर थांबलो मी, हसून बोललो, त्याच्या नातवंडांना खाऊ दिला, आणि रोज इथे उभं राहून तो जाडा आवाज ऐकला. कुणीतरी तुमचं इकडे येईपर्यंत.

काय वाचतेस, नियम? मोठ्यानं वाच, मला अक्षर धड लागत नाही. — हं. — परत वाच. अशा फसवणुकीला ज्यानं हात लावला त्यालाही या योजनेतून काही नाही. कधीच नाही.

कळलं. बहिरा नाही मी.

असं बघू नकोस माझ्याकडे. बोललेलं मागे घ्या म्हणतेस, ऐकलं नाही असं समजते म्हणतेस — चांगली पोर आहेस, पण नको. काट माझा अर्ज. उभी रेघ मार, आडवी मार, तुमच्यात कशी मारतात तशी. आणि खाली लिही, थोरल्या भावानं सांगितलं. थोरल्या भावानं, असंच लिही, त्याला वाचून दाखवाल तेव्हा कळू दे. सही कुठे करू? बोट ठेव.

झालं. आता जा. शेजारचंच दार, ढकलू नकोस, वर उचलून ओढ. बिजागरी खाली आली आहे — मीच बसवलं होतं ते.