पाठीवरची शाळा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आणि ज्यांच्या आल्याच्या वाफ्यांवर आपण खुर्च्या टाकून बसलो आहोत ते आदरणीय हर्कमान राई बाजे, म्हणजे आपल्या सगळ्या उताराचे आजोबा, गुंफेचे वंदनीय लामाजी, चर्चचे फादर, धर्मशाळेचे विश्वस्त, म्हणजे माझे सख्खे काकोजी, ज्यांच्यासाठी हा मंडप घातला त्या आपल्या मुख्याध्यापिका निमकित लेप्चा मिस, शिक्षक, पालक आणि सकाळपासून लाडूंच्या परातीकडे एकटक बघणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी सांवरमल. बाजारात माझं छत्र्या-घोंगड्यांचं दुकान आहे आणि बारा वर्षं मी या शाळेच्या समितीचा सचिव आहे. समितीने मला सांगितलंय, चार शब्द बोला. आता मारवाड्याला चार सांगितले तर तो मोजून पाचवा वर टाकतो, तेवढं सांभाळून घ्या.

आपल्या कालिम्पाँगमध्ये या शाळेला काय म्हणतात? कागदावरचं नाव कुणाला आठवतं का? सगळे म्हणतात डोको शाळा. पाठीवरच्या टोपलीतून इकडून तिकडे जाणारी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी आपली शाळा. सोमवार-मंगळवार लामाजींच्या मठात, म्हणजे गुंफेच्या सभागृहात, बुधवार-गुरुवार आमच्या धर्मशाळेत, शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये. शेवटच्या तासाला बाकं मिटायची, दोराने बांधायची, फळा खांद्यावर, खडूंची पेटी बगलेत, आणि चला. सव्वीस वर्षं! आणि दर शुक्रवारी पितळी घंटा मिसच्या पिशवीतून त्यांच्या घरी. का, तर त्या म्हणायच्या, "घंटा जिथे, शाळा तिथे. ती हरवली तर पोरं येणार कुठे?"

मिसचा नियम एकच होता. ज्याचं घर, त्याची रीत. गुंफेत गुंफेची प्रार्थना, धर्मशाळेत आमची आरती, चर्चमध्ये चर्चचं गाणं. आपली लेप्चा, राई, भुटिया, बिहारी, बंगाली, मुसलमान पोरं सगळंच म्हणायची आणि सगळ्यांत सारखीच बेसूर व्हायची. एकदा तपासनीस साहेब आले. त्यांनी तिसरीतल्या रुबिनाला विचारलं, "बाळ, तुमची शाळा कोणत्या धर्माची?" ती बोटांवर मोजून म्हणाली, "आज गुरुवार ना सर? मग धर्मशाळेची. पण उद्या विचाराल तर वेगळं आहे." साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते अजून कळलेलं नाही.

हसू आलं ना? आता जे सांगणार आहे त्यात हसण्यासारखं नाही, आणि ते माझ्याबद्दल आहे.

नऊ वर्षांपूर्वी काकोजींनी शाळेला जागा देऊ केली होती. सपाट, रस्त्यालगत, पाण्याची सोय असलेली. मी पेढे वाटायच्या तयारीत होतो. अटी दोनच. फाटकावर आमच्या आजोबांचं नाव, आणि आवारात मांसमच्छी नको. मिस धर्मशाळेच्या ओसरीवर बसून सगळं ऐकत होत्या. मग हात जोडून म्हणाल्या, "शेठजी, तुमच्या घरी आम्ही दोन दिवस साधा डबा आणतो. पाहुण्याने तेवढं पाळायचंच असतं. पण उद्या शाळा स्वतःच्या घरात गेली, तर तिथेही माझ्या पोरांनी आईच्या हातचा डबा लपवून खायचा?"

त्याआधी दोन जागा त्यांनी अशाच परत केल्या होत्या. एकाला एकच प्रार्थना हवी होती, दुसऱ्याला एकच भाषा. पण ही तिसरी जागा आमच्या घरातली होती, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भर सभेत मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, "मिस, तुम्हाला शाळा नकोच आहे. तुम्हाला मिरवणूक हवी आहे. जन्मभर पोरांना हमाल करून फिरवायचंय."

मिस उठल्या. वाकल्या आणि बाकं बांधायला लागल्या. माझी थोरली लेक दुसरं टोक धरायला धावली. घरी आल्यावर तिने मला जेवताना भाजीसुद्धा वाढली नाही.

तेव्हा मिस हो म्हणाल्या असत्या, तर गेली नऊ वर्षं त्यांना पक्क्या खोलीत, खुर्चीवर बसून शिकवता आलं असतं. गुडघे दुखत असताना चढ चढावे लागले नसते. त्यांना हे ठाऊक नव्हतं का? माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आज त्या निवृत्त होताहेत आणि आपल्या नव्या शाळेची एकच भिंत उभी राहिली आहे. मिस, त्या दिवशी मी चुकलो. हे बोलायला मला नऊ वर्षं लागली. दुकानात तुम्ही आलात की छत्री स्वस्त लावायचो, पण माफी मागायचो नाही. आज सगळ्यांसमोर मागतो.

गेल्या वर्षी बाजे आले. हातात काठी, पायात एकच धड बूट. म्हणाले, "माझी नात सगळ्यांची गाणी गाते, झोप लागू देत नाही. ही जागा घ्या. माझी एक अट आहे." मी मनात म्हटलं, झालं, आली अट! बाजे म्हणाले, "माझा इस्कूसचा वेल तोडायचा नाही. जिवंत आहे तोवर मी भाजीला फळं तोडायला येणार." मिस म्हणाल्या, "बाजे, आणि तुम्ही गेल्यावर आम्ही तोडून खाल्ली तर?" बाजे म्हणाले, "मग मिरच्या जरा जास्त घाला." झाला करार!

मग नकाशाची बैठक. सिलिगुडीहून अभियंता बाई आल्या. आम्ही सगळ्यांनी डोकं लावून मागण्या लिहून दिल्या होत्या. बाकं मिटणारी हवीत. फळ्याला दोन्ही बाजूंनी कड्या हव्यात. प्रत्येक खोलीला सहा फूट रुंद दरवाजा हवा. बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला. "एवढा रुंद दरवाजा कशाला?"

काकोजी म्हणाले, "अहो, बाकं बाहेर काढायला."

"बाहेर काढून कुठे न्यायची?"

लामाजींनी फादरकडे पाहिलं, फादरनी माझ्याकडे. एवढी शहाणी माणसं, पण हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की आता कुठेही न्यायची नाहीत. मिस आधी हसल्या. मग पदरासारखी शाल डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढली नाही. मला वाटतं, आपल्याला घर मिळालं ते त्या दिवशी.

बाई दरवाजा खोडायला लागल्या, तेव्हा मिस म्हणाल्या, "राहू दे, रुंदच ठेवा. उद्या गुंफेत उत्सव असेल, धर्मशाळेत लग्न असेल, चर्चमध्ये नाताळ असेल. कुणी बाकं मागायला आलं तर पटकन देता आली पाहिजेत. सव्वीस वर्षं आपण घेतलंय."

काकोजी, तुम्ही त्या रात्री घरी येऊन काय म्हणालात ते सांगू का? नको म्हणतात. बरं. एवढंच सांगतो की समोरच्या भिंतीच्या विटा कुठून आल्या ते विचारायचं नाही आणि त्यावर कुणाचंही नाव लिहायचं नाही.

मंडळी, लाडू वाट बघताहेत. बाजेंचे, पाहुण्यांचे आणि चहाच्या चुलीपाशी सकाळपासून धूर खाणाऱ्या आयांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल तर रागावू नका, बाकं उचलणाऱ्याला आपल्या शाळेत कुणी नाव विचारत नाही. जीभ माझी जुनीच आहे. ती आजही कुठे घसरली असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आता शेवटचं काम. मिस, आज शुक्रवार. घंटा तुमच्या पिशवीत आहे, मघाशी बसताना वाजली. या भिंतीत आम्ही काल एक खिळा ठोकलाय, तुमचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर. तुमच्या हाताने ती तिथे अडकवा. उतारावर पिशवी रिकामी लागू नये म्हणून बाजेंनी चार इस्कूस काढून ठेवलेत.

आणि ते मागे कोण? चौथीची पोरं दोर घेऊन उभी राहिली का सवयीने? ठेवा रे तो खाली. आज बाकं बांधायची नाहीत.