लॉरीचं तेल

मोटार कचेरीच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि तिचे दीर उभे होते.

"वैनी, आता तरी ऐका. इंजिन गेलं. गाडी विकू आणि नवीसाठी नाव नोंदवू."

"नंबर लागायला सात वर्षं. तोवर देवनहळ्ळीची गिऱ्हाइकं तुम्ही खांद्यावरून नेणार?"

"कारमध्ये डिझेल इंजिन बसवलं तेच चुकलं. अण्णाचा हट्ट होता तो."

"त्याच हट्टावर चार वर्षं घर चाललं. ते गेले, टॅक्सी तुमच्या हाती आली आणि तीन महिन्यांत बंद. टाकीत काय घातलंत?"

"मी कुठं घातलं? पंपावरच्यानं कार बघितली आणि पेट्रोल भरलं."

"तुम्ही काय करत होता?"

"स्वल्प कॉफी प्यायला गेलो होतो."

"यांनी झाकणावर लाल रंगानं 'लॉरीचं तेल' लिहिलं होतं. ते त्याला दिसलं नाही?"

"ते मी पुसलं होतं. स्टँडवर सगळे मला लॉरीवाला म्हणून हसायचे, वैनी."

"हसू देत. मेस्त्रीनं टाकी धुतली, इंजिनाचा तेलपंप खोलला. इंजिनात जीव आहे म्हणाला. मी दुरुस्त करून घेतेय."

"सरी, करा तसं. मग या रांगेत कशाला? मी तर विक्रीचे कागद आणलेत."

"पिशवीतच ठेवा. गाडी तीच राहणार. लाल अक्षरं मी काल पुन्हा काढली. बदलायचा तो ड्रायव्हर."

"आता कुठला ड्रायव्हर शोधलात?"

तेवढ्यात ते दोघं खिडकीशी पोचले. कारकुनानं दिराकडे बघत शिकाऊ लायसनचा फॉर्म पुढे ओढला.

"नाव सांगा, स्वामी."

"इकडं बघा," बाई म्हणाल्या. "लिहा, कृष्णाबाई."