आतली कडी

बदनापूरच्या हार्डवेअर दुकानात माझ्यापुढं एक म्हातारे काका अन् त्यांचा मिस्त्री उभे होते.

"काका, तळघराची ओल घालवतो, पण तिथं राहणार कोण?"

"माझी लेक दैवशाला. सासर सोडून कायमची आलीय."

"मंग वर खोल्या हायेत की."

"वर पोराचा संसार हाय. तिला तिची येगळी खोली पाहिजे."

"खिडकी काढू?"

"मोठी काढ. उजेड बराबर आला पाहिजे."

"अन् दाराला बाहेरून कडी?"

"न्हाई. फक्त आतून लाव."

"बाहेर जाताना कुलूप कुठं लावील?"

"तिकडं तिला बाहेरून कडी लावून कोंडायचे, मिस्त्री."

मिस्त्रीनं समोरची एक पितळी कडी उचलली.

"आतली कडी पितळी घेऊ, काका. किती उंचीवर लावू?"

"ते तिलाच विचार. घरी तळघरच झाडून राह्यलीय."