मालिका गुरुवारी संपली

बायको : …आणि मावशी हसल्या म्हणून तुम्ही धरून चाललात, त्यांना चाललं.

पाळक : अगं, सगळेच हसले. मागच्या रांगेतला तो इस्त्रीवाला, आजवर माझ्या एकाही विनोदाला त्याचे दात दिसले नव्हते, तोसुद्धा हसला. ती वायर दे इकडे. ती नको, ती माइकची. काळी.

बायको : पण भर प्रार्थनेत थट्टा कशाला करायची म्हणते मी.

पाळक : मग काय करायचं होतं? महिन्याभरापूर्वी मावशी अशाच उभ्या राहिल्या. एका पोरीला घरात कोंडून ठेवलंय, तिच्यासाठी प्रार्थना करा. मी गुडघे टेकले. घसा कोरडा पडेपर्यंत प्रार्थना केली. आणि बाहेर पडल्यावर गाण्याच्या गटातल्या बायका मला सांगतात, अहो, ती पोरगी मालिकेतली, धाकटी सून, सासूने कोठीच्या खोलीत कोंडलीय. माझा नेमका तो भाग बघायचा राहिला होता. हसं झालं माझं. न्हाव्याने मान खाली दाबून धरलेली आणि वरून विचारतो, काय पाळकसाहेब, धाकटीला कधी सोडवताय?

बायको : ते तुम्ही दहा वेळा सांगितलंत.

पाळक : मी मावशींना विचारलंही तेव्हा. त्या स्वतः म्हणाल्या, हो, मालिकेतलीच. मग आज पुन्हा तेच, पोरीला कोंडलंय, प्रार्थना करा. म्हणून म्हणालो, मावशी, तिची काळजी लेखकाला करू द्या, आपण खऱ्या माणसांकडे वळू. यात काय वाईट बोललो?

बायको : आणि त्यावर मास्तरने कीबोर्डवर ते ट्यँव-ट्यँव वाजवलं. मालिकेत सासू वळून बघते तेव्हा वाजतं तसं. जावई असून सासूची भर सभेत टर उडवायची, मला नाही आवडलं.

पाळक : तो हजरजबाबी आहे. गाणं चांगलं बसवतो, चार लोक त्याच्यामुळे येतात. फक्त आज वायरी न गुंडाळताच पळाला, हे काही बरं नाही केलं. कधी असं करत नाही.

बायको : एक सांगू? तुम्ही मालिकांचं जरा जास्तच धरलंय.

पाळक : धरावंच लागतं. पेरणीच्या आणि मेंढरांच्या गोष्टी ऐकणाऱ्यांनी निदान मेंढरं पाहिली होती. आपल्या इथे, टायरच्या दुकानाच्या माडीवर, कोणी पाहिलंय मेंढरू? पण मालिका रोज रात्री प्रत्येकाच्या घरात चालते. कोणी सोसलं, कोणी फसवलं, सगळं त्यांना पाठ आहे. मी तिथूनच धागा पकडतो. शनिवारी बसून आठवड्याचे भाग बघतो, ते काय मला हौस म्हणून? तसं बघायला गेलं तर डोकं उठतं.

बायको : या शनिवारी बघितलेत?

पाळक : नाही गं. काल त्या दफनाला गेलो होतो ना.

बायको : म्हणजे तुम्हाला माहीतच नाही. ती मालिका संपली. गुरुवारी शेवटचा भाग झाला.

पाळक : संपली? आणि धाकटी?

बायको : तिला या सोमवारच्याच भागात सोडवलं. शेवटी सासूने सगळ्यांसमोर हात जोडले, सगळे एका टेबलावर जेवले, झालं गोड. आता त्या जागी दुसरी लागणार आहे, पोलिसांची.

पाळक : मग मावशी आज कोणाबद्दल बोलत होत्या?

बायको : तेच मी मघापासून विचार करतेय. मावशी एक भाग चुकवत नाहीत. त्यांना संपल्याचं माहीत नसेल, हे शक्य नाही.

पाळक : वय झालंय. होतं असं, गल्लत होते.

बायको : त्यांची थोरली किती दिवसांत दिसली नाही तुम्हाला?

पाळक : मास्तरची बायको? तिचं डोकं दुखतं ना. अर्धशिशी आहे म्हणाला तो.

बायको : मुलांच्या वर्गाच्या कपाटाची किल्लीही तिने त्याच्याच हाती परत पाठवली. इतकी वर्षं पोरांना गोष्टी सांगणारी बाई, एक शब्द न बोलता किल्ली पाठवते, आणि मी नुसती ती खिळ्याला अडकवली. विचारलंसुद्धा नाही.

पाळक : थांब. उगाच कुठल्या कुठे जाऊ नकोस.

बायको : मी कुठेच जात नाहीये. मावशी अजून खाली जिन्यात बसल्या आहेत. मला वाटलं, दम लागला असेल. हाक मारू?

(पाळक हातातली वायर खाली ठेवतो. बायको जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारते. मावशी कठड्याला धरत वर येतात.)

पाळक : या मावशी, बसा. ही खुर्ची घ्या. मघाच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका. थट्टेत बोलून गेलो.

मावशी : वाईट काय वाटायचंय. लोक हसले, बरं झालं. एरवी तुमच्या उपदेशात पेंगतात.

पाळक : मावशी, ती पोरगी कोण?

मावशी : कुठली?

पाळक : जिच्यासाठी प्रार्थना सांगितलीत.

मावशी : जाऊ द्या. प्रार्थनेची वेळ गेली आता.

बायको : मावशी, थोरली का?

मावशी : हं.

पाळक : आणि गेल्या महिन्यात? तेव्हा तर तुम्ही मला म्हणालात…

मावशी : तेव्हाही तीच होती. तुम्ही विचारलंत तेव्हा जावई तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा होता, पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून. त्याच्यासमोर काय सांगू? मालिकेत तसंच चाललेलं होतं, म्हटलं हो, तीच. देवाला कळेल कोणासाठी ते, असं वाटलं. तुमच्या तोंडून गेलं की पुरे.

पाळक : मास्तर हात उचलतो तिच्यावर?

मावशी : आधी नुसतं तोंड चालायचं. मग हात. आता गाण्याचा क्लास घ्यायला जाताना दाराला बाहेरून कुलूप घालून जातो. फोन काढून घेतलाय. मी जाते, तो नसला की. दाराला तोंड लावून हाक मारते. ती आतून म्हणायची, आई, तू जा, तो येईल. शाळेत आया होते मी, किती पोरांची कुलपं उघडलीत, कोणी संडासात अडकायचं, कोणी वर्गात. स्वतःच्या पोरीच्या दाराशी नुसती उभी राहून येते.

बायको : आम्हाला का नाही सांगितलंत?

मावशी : तो म्हणाला, सांगा खुशाल, तुमचं कोण ऐकतंय. खोटं नाही बोलला. तो पुढे बसून वाजवणारा, सगळे त्याला मास्तर, मास्तर करतात. मी रोज रात्री टीव्हीसमोर बसणारी म्हातारी.

पाळक : मग आज का बोललात?

मावशी : काल हाक मारली. तीनदा मारली. आतून आवाज आला नाही.

बायको : देवा.

मावशी : रात्रभर डोळा लागला नाही. म्हटलं, आज तो बसला असेना समोर, सांगून टाकू. नाव घ्यायला तोंड उघडलं तर नाव येईना. पोरीला कोंडलंय एवढंच आलं. मग तुम्ही ते बोललात आणि त्याने ते वाजवलं. माझ्याकडे बघून वाजवलं. कळलं त्याला. म्हणून मी हसले. सगळे हसत असताना मी एकटी रडत उभी राहिले असते, तर त्याने घरी जाऊन तिला विचारलं असतं, आईला काय काय सांगितलंस म्हणून.

बायको : म्हणून तो वायरी टाकून गेला.

पाळक : मावशी, मला लाज वाटते.

मावशी : लाजेचं नंतर बघू.

पाळक : तिला आधीच तुमच्याकडे घेऊन यायला हवं होतं.

मावशी : आली होती की, कुलूप लागायच्या आधी. बॅग घेऊन आली होती. तुमच्या त्या धाकट्या सुनेवरच्या उपदेशानंतर, सोमवारी सकाळी. तोंडावर इथे निळं झालेलं. मी चहा ठेवला आणि म्हटलं, काल पाळकसाहेब काय म्हणाले ते ऐकलंस ना? जी सोसते, तीच शेवटी घर जिंकते. सोसणाऱ्याच्या मागे देव उभा असतो. तू पुढच्याच रांगेत होतीस. चहा पी आणि जा परत. तिने चहा प्यायला. कप विसळून ठेवला आणि गेली.

पाळक : मावशी, ते उदाहरण होतं.

मावशी : असेल.

पाळक : मी माझ्या मनाने जोडलं होतं ते. मालिकेत बायका सोसतात, कारण भाग वाढवायचे असतात. मला ते ठाऊक होतं. पण ऐकायला बरं वाटत होतं, लोक माना डोलावत होते, म्हणून बोलत गेलो.

मावशी : मला कसं कळणार? तुम्ही तिथून बोलता तेव्हा त्यातलं देवाचं किती आणि टीव्हीचं किती, आमच्यासारखीने कसं निवडायचं? तांदूळ थोडेच आहेत.

बायको : आता हे राहू द्या. मी पोलिसांना फोन लावते.

पाळक : थांब, थांब. एकदम पोलीस नको. पोलीस आले की गल्ली गोळा होते, तो बिथरेल, आणि मग तो तिलाच… मी त्याच्याशी बोलतो. तो ऐकतो माझं. दोघांना समोरासमोर बसवू, मी मध्ये बसतो.

बायको : तो सगळ्यांचंच ऐकतो. म्हणून तर इतके दिवस कोणाला कळलं नाही.

पाळक : आधी फोन तरी करू दे मला. आवाजावरून कळेल… हं, मास्तर? मी बोलतोय. नाही नाही, वायरींचं नाही रे, ते झालं. सहजच. म्हटलं, घरी पोहोचलास का… हो… हो, लोकांना मजा आली… आणि ती कशी आहे? डोकं?… असं का. जरा देतोस का तिला, आमच्या हिला मुलांच्या वर्गाचं विचारायचंय… अच्छा. बरं. हो, झोपू दे, झोपू दे. उठवू नकोस. देव तुमचं भलं करो.

बायको : काय म्हणाला?

पाळक : जेवून झोपली आहे म्हणाला. हसून बोलत होता. नेहमीसारखाच.

बायको : आणि तुम्ही त्याला आशीर्वाद दिलात.

पाळक : तोंडातून गेलं. सवयीने.

मावशी : ती दुपारची झोपत नाही.

पाळक : आजारी माणूस झोपतो, मावशी.

मावशी : गोवर आला होता तेव्हाही नाही झोपली. दुपारची झोपलीस तर रात्री भूत बसतं छातीवर, असं मीच लहानपणी घातलंय डोक्यात. काविळीतसुद्धा खिडकीशी बसून राहायची.

बायको : मी फोन लावतेय. आणि तुम्ही मला अडवू नका.

पाळक : नाही अडवत. लाव.

बायको : घराचा पत्ता सांगा, मावशी.

मावशी : पिठाच्या गिरणीच्या मागे, दुसरा मजला. डावीकडचं दार. खाली शिंपीण राहते, तिला विचारलं तरी ती दाखवेल. तिने सगळं ऐकलंय, बोलायला घाबरते.

बायको : हॅलो… हो, एका बाईला घरात कोंडून ठेवलंय… नाही, मी शेजारी नाही. मी… आम्ही तिच्या चर्चमधले. हो, खरी बाई आहे. कालपासून आतून आवाज आलेला नाही… पत्ता लिहून घ्या…

पाळक : मावशी, माझं मन म्हणतंय, बरी असेल ती. मास्तर काही इतक्या थराला जाणार नाही.

मावशी : तुमचं मन चांगलं आहे, पाळकसाहेब. पण मला आता चांगलं काही ऐकायचं नाही. गाडी आहे ना तुमची?

पाळक : खाली आहे.

मावशी : पोलीस येतील तेव्हा येतील. मला तिच्या दाराशी सोडा. या वेळी मी नुसती हाक मारून परत यायची नाही.

पाळक : मी तुमच्याबरोबर वर येतो. दार त्याने उघडलं नाही तर मोडू.

बायको : येतायत म्हणाले. गाडी पाठवतो म्हणाले. मी पण येते, तिला धरायला बाईमाणूस लागेल. किल्ल्या कुठे ठेवल्यात?

पाळक : कोटाच्या खिशात. चला. फक्त… निघायच्या आधी, इथेच उभ्या उभ्या, दोन शब्द प्रार्थना करून घेऊ. डोळे मिटा.

मावशी : तुम्ही दोघं करा. मी खाली गाडीपाशी जाऊन उभी राहते.