मधून चाल गं, शारदा

मी मूळची कोपरीची. ठाणा स्टेशनच्या पूर्वेला, खाडीकडच्या अंगाला आमचा कोळीवाडा, आता बिल्डिंगांनी असा घेरलाय की तुम्हाला दाखवायला नेलं तर मलाच चार ठिकाणी विचारत जावं लागेल. बाबांची होडी होती, लहानशीच, आणि आय पाटी घेऊन बाजारात बसायची. मी पोरींमधली मधली, एका जागी बसेन तर शपथ. आय बोलायची, हिच्या पायाला भिंगरी लावूनच पाठवलीय देवाने, आणि खरंच आहे ते, आता पण बघा, बोलतेय तुमच्याशी पण कान माझा मोटरकडे आहे. गच्चीवरची टाकी भरतेय ना. आवाज बदलला की उठेन मी, राग नका मानू. आणि तुम्ही आत येताना बघितलं मी तुम्हाला, भिंतीच्या कडेकडेने आलात, लादी ओली होती म्हणून ना? ती आम्ही मुद्दाम आत्ता पुसतो, भर अकराला. का ते सांगते.

तर खाडी. पाणी काळं पडत गेलं, मासा कमी होत गेला, चिखलातल्या निवट्या मासळ्या तेवढ्या उड्या मारत राहिल्या. एका वर्षी बाबांनी होडी काठावर उलटी घातली ती परत सरळ केली नाय. माझं लग्न झालं डोंबिवलीला, मानपाड्याला, आमचे हे तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात होते. काय सांगू तुम्हाला, खाडीच्या वासातून उठून केमिकलच्या वासात जाऊन पडली मी, पहिले पंधरा दिवस जेवणच जाईना. मग त्याची पण सवय झाली, आणि सवय झाली तोवर कारखाना बंद झाला. हे एका सोसायटीत वॉचमन लागले आणि मी ठाण्याला या सरकारी ऑफिसात आली, ठेकेदारामार्फत, झाडूपोछाला. ऑफिसचं नाव नका लिहू. नाव लिहून काय करायचंय, सगळी सरकारी ऑफिसं आतून सारखीच असतात, जिन्याच्या कोपऱ्यात तोच लाल डाग.

पहिल्याच दिवशी सुपरवायझरने शिकवलं. साहेब लोक दहाला येतात, त्याच्या आत लाद्या पुसून सुकलेल्या पाहिजेत, बादली कोणाला दिसता कामा नये, साहेब पॅसेजमध्ये आले तर भिंतीला लागून उभं राहायचं नाहीतर सरळ जिन्यात शिरायचं. मी बोलली, का हो, मी काय साहेबांची उधारी घेऊन पळालेय का तोंड लपवायला? तो बोलला, सुनंदाबाई, इथे जिभेचा पगार नाय मिळत. पण सवय कशी लागते बघा. पहिल्या महिन्यात माणूस ठरवून बाजूला होतो, वर्षा-दोन वर्षांनी पाय आपले आपणच होतात. आमच्याकडे मोठ्या साहेबांची व्हिजिट असली, मंत्री यायचा असला, की पहाटे येऊन सगळं घासूनपुसून आम्ही अख्खी गँग पंपाच्या खोलीत जाऊन बसायचो, दार लावून. व्हिजिट संपली की शिपाई दारावर टकटक करायचा. इतकी वर्षं हेच. त्यात वाईट वाटायचं असं काय नाय, उलट चहा मिळायचा.

पंपाच्या खोलीत मी तशी पण सारखी असायचीच. तिथे अनंतमामा होते, कायम नोकरीतले, खाकी कपडे, पंपावर त्यांची आयुष्यभराची ड्युटी. मला बोलायचे, कोळ्याची पोर तू, पाण्याचा वास आला की आलीसच. त्यांनीच शिकवलं सगळं. पंपाने हवा धरली तर वरून पाणी ओतून हवा कशी काढायची, मोटर तापली तर आवाज कसा येतो, दांड्याला दोरी गुंडाळलेली असते ती किती आवळायची. ती फार आवळली तर जळते, म्हणून थेंब थेंब पाणी पडत राहिलंच पाहिजे, नवा माणूस येतो आणि गळतंय गळतंय करून आवळून टाकतो. मामा रिटायर झाले तेव्हा हारतुरे झाले, भाषण झालं, आणि संध्याकाळी जाताना त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली, बोलले, दुसरा माणूस येईपर्यंत बघ गं. तो दुसरा माणूस काय आलाच नाय. सात मजल्यांना पाणी तेव्हापासून मी चढवते, पावसाळा नाय, सण नाय, गणपतीत पण माझी आरती इथे आटोपून मग घरची. आणि कार्डावर काय, तर सफाई मदतनीस. कोणाची मदत, सांगा ना? त्या खोलीत माझ्याशिवाय एक पाल आहे फक्त.

त्याचा राग होता मला. हसत असली तरी होता. पंपाचं काम करायचं आणि पगार झाडूचा घ्यायचा, महिन्याच्या महिन्याला ते मनात खुपायचं. म्हणून सरकारने ठरवलं ना, की ठेक्यावरच्या लोकांचे दर बदलायचे, कोण खरं काय काम करतं ते बघून त्याला तशा वर्गात बसवायचं, अकुशल, अर्धकुशल, कुशल, तेव्हा मी तर हवेतच गेली. मला पंपाचा पगार पाहिजे होता आणि कार्डावर पंप पाहिजे होता, बाकी काय नको. आणि शारदाला पण काहीतरी मिळणार होतं. शारदा म्हणजे आमच्यातली सगळ्यात गरीब गाय, सोलापूरकडची, कल्याणला चाळीत राहते, बोलते इतकी हळू की तिचं बोलणं ऐकायला वाकावं लागतं. पण लादी घासायचं ते मोठं मशीन आहे ना, ते ती एकटी चालवते, गड्यांना नाय जमत, मशीन त्यांनाच ओढत नेतं. मी तिला बोलली, शारदे, आपले दिवस आले. ती बोलली, बघू ना ताई.

तपासणीला एक मॅडम येणार होत्या, कल्याणच्या ऑफिसातून, आमचं काम बघायला. नीट ऐका हं, आमचं काम बघायला. सुपरवायझर बोलला, चकाचक पाहिजे सगळं. झालं. आम्ही पहाटे आलो. मी टाकी काठोकाठ भरली, पंपाचं अंग फडक्याने पुसलं, शारदाने सगळे मजले मशीनने घासले, संडास असे केले की तिथे बसून जेवावं, आणि मॅडमची गाडी गेटात शिरली तशी आम्ही सगळी जाऊन बसलो पंपाच्या खोलीत, दार लावून. कोणी सांगितलं नाय आम्हाला लपा म्हणून, देवाची शपथ घेऊन सांगते, कोणी एका शब्दाने सांगितलं नाय. पायच गेले. मी तर मोटरचा मेन स्विच पण बंद करून टाकला, मॅडमना आवाजाचा त्रास नको. चहा मागवला. मॅडमच्या सँडलचा टकटक आवाज दारापुढून गेला तेव्हा शारदाला हसू फुटत होतं, मी तिला चिमटा काढला, गप म्हणून.

काय सांगू तुम्हाला. सुपरवायझर वर मॅडमना काय बोलला माहितीये? मॅडम, आमच्याकडे काही बघावंच लागत नाही, सगळं आपोआप चालतं. बिचारा फुशारकी मारायला गेला. मग कागद आला, त्यात सगळे अकुशल. पंप नाय, मशीन नाय, देखभालीचं विशेष काम दिसून आलं नाही असं लिहिलेलं. सुपरवायझरने वाचून दाखवलं. मला आधी हसायला आलं. मग घरी जाऊन जे काय झालं, मला बसवेना, निजवेना, ह्या खोलीतून त्या खोलीत, गॅसपासून दारापर्यंत, आमचे हे बोलले, अगं बस, डोकं गरगरायला लागलं माझं. मी बोलली, ती बाई मला बघायला आलेली हो, आणि मी कडी लावून बसली. ते बोलले, मग आता जाऊन सांग तिला. पुरुषांचं बरं असतं, एका वाक्यात संपतं त्यांचं.

पण गेली मी. एके दिवशी पहाटे टाकी भरून ठेवली, खाडा केला, शारदाला तिच्या घरून उचललं आणि कल्याणला मॅडमच्या ऑफिसात जाऊन बाकड्यावर बसलो. शारदा सारखी पदर चावत होती. मॅडम केबिनमधून निघाल्या, पॅसेजमधून आमच्याच बाजूला आल्या, आणि आम्ही दोघी पटकन उठून भिंतीला चिकटलो. गेल्या त्या पुढे. परत आल्या, परत आम्ही भिंतीला. मला स्वतःचा असा संताप आला, मी बोलली, सुनंदा, भिंतीला चुना लावायला आलीस का इथे? तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी डोळे मिटून एक पाऊल पुढे टाकलं आणि त्यांच्यावर जाऊन आदळलीच जवळजवळ. त्या बोलल्या, अहो, कोण तुम्ही? माझ्या तोंडातून आलं ते आलं, मॅडम, तुम्ही आमच्याकडे आलेलात तेव्हा नळाला पाणी होतं ना? ते मी.

त्यांना काय कळेना. मग सांगितलं सगळं. त्या बोलल्या, मग त्या दिवशी होतात कुठे तुम्ही? मी बोलली, खाली, पंपाच्या खोलीत. काय करत होतात? चहा पीत होतो. शारदाने मागून माझा दंड असा दाबला की वळ उठला. मॅडम हसल्या नाय. चष्मा काढून पुसत बसल्या, मग बोलल्या, तुम्हालाच बघायला आले होते ना हो मी. बोलल्या, मी परत येईन, तसा शेरा मारते, पण येणार कधी ते सांगणार नाही, सांगितलं की तुम्ही परत साफ करून लपाल.

तेव्हापासून ही आमची दशा. कधी येतील माहीत नाय, म्हणजे रोज येतील असं धरून चालायचं. लाद्या आता पहाटे नाय, अकराला पुसतो, लोकांसमोर. बादली जिन्यात नाय, पॅसेजमध्ये. पंपाच्या खोलीचं दार सताड उघडं. सुपरवायझर ओरडतो, हे काय लावलंय, लाद्या ओल्या कशा? मी बोलते, काम चाललंय म्हणून ओल्या, तुम्हीच सांगितलेलं ना आपोआप चालतं, तर आता आपोआप सुकतील. सँडलचा आवाज आला की मी फडकं घेऊन दारात. जेवताना घास हातात राहतो. आमचे हे बोलतात, वजन उतरलं तुझं. उतरू दे.

माझं ठीक आहे हो, मी कशी पण पुढे येईन. शारदाचं कसं करायचं? मशीन घेऊन ती निघाली की भिंतीच्या कडेने निघते, अर्धं मशीन भिंतीला घासतं तिचं. मग मी तिची शाळाच घेतली. रोज ऑफिस भरायच्या आधी या टोकाला मी उभी, त्या टोकाला ती. मधून चाल गं, शारदा. चार पावलं मधून आली की गेलीच कडेला. परत. मधून चाल गं. कपाळावर घाम यायचा तिच्या, जसं काय दोरीवरून चालायला सांगितलंय. ती बोलायची, ताई, कोणी बघतं. मी बोलायची, बघू दे, पण मधून. शिपाई लोक चेष्टा करायचे, काय, फॅशन शो आहे का? मी बोलली, हो, तिकीट काढा.

आणि परवाची गोष्ट. मी इथेच होती, मोटर चालू, टाकी भरत आलेली. शारदा पहिल्या मजल्यावर भरलेली बादली घेऊन निघालेली, मधून, आणि समोर लिफ्टचं दार उघडलं, आमच्या ऑफिसचे मोठे साहेब बाहेर आले, फोन बघत. ही थांबली. पळायला पाहिजे होतं तिने, रोजच्यासारखं, पण बादली जड होती की पाय विसरले, कोण जाणे, मधोमध उभी राहिली. साहेबांनी मान वर केली, तिच्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, आणि भिंतीला लागून उभे राहिले. बोलले, जा, जा तुम्ही.

हे मला शारदाने सांगितलं. खाली आली ती, बादली ठेवली आणि मोटरच्या चौथऱ्यावर बसून रडायला लागली. मला वाटलं, गेली नोकरी हिची. बोल ना गं, काय झालं? मोटरच्या आवाजात तिचं कधी ऐकू येत नाय, पण त्या दिवशी आलं. ताई, ते बाजूला झाले, ताई. एवढंच बोलत राहिली. मला तिची मस्करी करायची होती, इतक्या दिवसांची माझी मेहनत ना, पण जमलंच नाय. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि टाकी भरून वरून पाणी वाहायला लागलं तरी उठली नाय.

मॅडम अजून आल्या नाहीयेत. येतील, आणि नाय आल्या तर मी परत कल्याणला जाईन, आता रस्ता माहिती झालाय. पगार कधी सुधारेल, कार्डावर पंप कधी येईल, देव जाणे, पण कडी लावून मी आता बसत नाय. थांबा, आवाज बदलला बघा, भरली टाकी. उठते मी. तुम्ही सुखी राहा, पोराबाळांचं चांगलं होऊ दे तुमच्या. आणि जाताना कडेने नका जाऊ, लादी सुकलीय आता, मधून जा.