बोट हलवू नका, मावशी

...आणि वर मलाच म्हणतात, "मावशी, बोट हलवू नका!" अहो, हलवू नका म्हणजे काय? बोट आहे माझं, भिंतीतला खिळा नाही! तुम्हाला सांगते, गलोंडा गावातल्या कंपनीत इतकी वर्षं सोल्डरिंग करतेय, चटके खाल्ले, धूर खाल्ला, साहेब लोकांची बोलणी खाल्ली, पण माझ्याच बोटावरचा माझा हक्क गेला तो त्या शुक्रवारी.

झालं काय, आमच्याकडे मोजमापाचे बोर्ड बनतात. त्यात एक चिप असते, एडीसी म्हणतात तिला. आत येणाऱ्या विजेचे ती आकडे करते, आणि इतक्या वेगानं करते की तुम्ही डोळा मिचकावेपर्यंत हिचे लाखो घोट पिऊन झालेले! मी चौथी शिकलेली, मला कुठलं कळायला, पण आमचे वरुण साहेब आहेत ना, पुण्याचे, डिझाइन तेच करतात, ते म्हणाले, ही चिप प्रत्येक घोटाला थोडं मागे थुंकते. ते थुंकलेलं निवळायच्या आत पुढचा घोट घेतला की आकडे चुकले. म्हणून तिला पाजणारं सर्किट कसं पाहिजे, तर ती थुंकली तरी न डगमगणारं. म्हटलं, साहेब, हे तर माझ्या लेकीचं, सोनमचं झालं, लहानपणी निम्मी पेज माझ्या पदरावर! तर म्हणाले, "मावशी, सोनम सेकंदाला किती कोटी घोट घ्यायची?"

तर ते पाजायचं सर्किट काही जमेना. रेझिस्टर बदल, कपॅसिटर बदल, पार्ट म्हणजे खसखशीएवढे, चिमट्यात धरून मीच लावायचे, मीच काढायचे. "फक्त एकच पार्ट, मावशी." एक लावला. रेघ पडद्यावर थरथरतेय तशीच. "आता फक्त एकच, मावशी." आणि इकडे माझा जीव टांगलेला, कारण रविवारी कानबाई! आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते, सगळे भाऊबंद गोळा होतात, नैवेद्याच्या रोटाच्या दळणाला पहिला हात लागतो तो घरच्या थोरल्या सुनेचा. थोरली मी. पण मी नाही पोचले तर धाकटी जाऊ, केसरबाई, ती टपूनच बसलेली. एकदा तिचा हात लागला की मरेपर्यंत ऐकवेल, "त्या साली मीच केलं ना!"

तर शुक्रवारी दुपारी पार्ट नीट बसला का बघायला मी नुसतं बोट टेकवलं, आणि रेघ एकदम शांत! वरुण साहेब खुर्चीतून उडालेच. "मावशी, हलवू नका!" उचललं, थरथर. टेकवलं, शांत. म्हणाले, "सर्किटला जे कमी पडतंय ते तुमच्या बोटामुळे मिळतंय, पण किती मिळतंय ते मोजावं लागेल." म्हटलं, मग मोजा की! तर म्हणे, "मोजायला बोट काढावं लागेल."

तेवढ्यात आले मॅनेजर, अविनाश सर, नाशिकचे. शनिवारी बडोद्याच्या गिऱ्हाईक मॅडम व्हिडिओवर बोर्ड बघणार, ऑर्डर त्यावर. म्हणाले, "उद्या मावशी बोट ठेवतील." आणि माझी गावाला जायची गाडी? "कॉल संपला की सोडतो." आणि सोमवारी कानबाईचं विसर्जन असतं, त्या रजेची सही? "तीही करतो."

शनिवार उजाडला. मी आपली बोर्डावर बोट ठेवून बसलेय, नाकाला खाज, मान अवघडलेली, मॅडम बोलतायत, बोलतायत... फोन वाजला, खांद्यात धरला. केसरबाई! कधी येतेस ते विचारते, इतक्या गोड आवाजात, "बाई, कवय येशी? का लावू मीच हात दळणाला?" मी दबक्या आवाजात म्हटलं, खबरदार! माझं बोट मशीनवर अडकलंय. तर म्हणते, "एका बोटासाठी आख्खी बाई लागते का तिथे?"



तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "आ शुं छे?" कॅमेऱ्यात माझं बोट दिसत होतं ना! अविनाश सर पापणी न लववता म्हणाले, "मॅडम, ए फिक्स्चर छे." फिक्स्चर! सोल्डरिंगच्या वेळी बोर्ड पकडून ठेवायचा शिकंजा असतो, ते! मॅडम खूश. "सरस! एक वार फरीथी." म्हणजे पुन्हा पहिल्यापासून! तिकडे शहाद्याची गाडी आमलीच्या नाक्यावर लागायची वेळ, आणि सर कानात कुजबुजतायत, "मावशी, बोट हलवू नका..."

उचललं! सरळ उचललं आणि कॅमेऱ्यात तोंड घातलं. म्हटलं, मॅडम, राम राम, तुमचं फिक्स्चर गावाला चाललं, घरी कानबाई आहे!

गाडी पळत पळत पकडली. दळणाला हात माझाच लागला, केसरबाईच्या डोळ्यांदेखत लागला. तोंड असं झालं होतं तिचं, बघायला पाहिजे होतं तुम्ही!

मंगळवारी परत आले. वाटलं, आता नोकरी गेली. तर आत बघते काय, बोर्डासमोर अविनाश सर बसलेले, घामेजलेले, आणि बोट बोर्डावर! मॅडम म्हणे भडकल्याच नाहीत, म्हणाल्या, तुमचं फिक्स्चर मिळालं की पुन्हा दाखवा. मग या लोकांनी कंपनीतल्या सगळ्यांची बोटं लावून बघितली. वरुण साहेबांचं बारीक, चालेना. वॉचमनचं जाडं, चालेना. चाललं ते फक्त सरांचं, उजव्या हाताचं.

मी सोमवारच्या रजेचा कागद पुढे केला. म्हटलं, सर, सही. सरांनी कागदाकडे बघितलं, बोटाकडे बघितलं, जरासा हात उचलला, तर मागून वरुण साहेब ओरडले, "सर, हलवू नका!"

कागद घडी करून पर्समध्ये ठेवलाय. घाई नाही माझी. सरांचा हात पुढच्या श्रावणापर्यंत मोकळा झाला म्हणजे मिळवली.