ओबदुलियाची मुलगी धावत आली

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, आइनोआ. बोल गं… नाही, झोपले नव्हते, आवाजच असा झालाय. बोल ना तू.

शुक्रवारी, हो. आलिकांतेला, सात वाजता… सहाही फिल्म दाखवणार? एकामागून एक?… आणि तू आईवर केलेली शेवटी. बरं… व्हीलचेअर? नाही, ती नको… अगं ऐक ना… अगं, गाडी पाठवू नकोस, ऐक आधी.

आई गेली. काल, दुपारच्या जेवणानंतर… हो… हो गं. रडू नकोस. तूच रडायला लागलीस तर मी काय करू?… सत्त्याऐंशी पूर्ण… इथंच, एल्दात. अंत्यदर्शनाच्या हॉलमध्ये बसलेय. काचेपलीकडे ती, अलीकडे मी आणि कॉफीचं मशीन.

फिल्म? बघितली ना तिनं! परवाच दाखवली मी, वृद्धाश्रमात, टॅबलेटवर. बाराच्या बारा मिनिटं बघितली. ती वर्कशॉपच्या मागची खोली आली… बायका बूट शिवतायत, आई त्यांना कायदा वाचून दाखवतेय, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मशिनं मुद्दाम चालू… तिथं म्हणाली, "हिनं दोरा चुकीचा ओवलाय." तुझी नटी गं!… हो, हसले मीही. नर्ससुद्धा हसली.

छे, फिल्म चांगलीच आहे. त्याबद्दल नाही… थांब जरा. मला एक सांगायचंय तुला. तो शाळेच्या फाटकाचा प्रसंग… हो, तोच, मुलगी धावत येऊन आईला बिलगते तो… माहीत आहे, पोस्टरवरही तोच घेतलास.

मी धावले नव्हते.

… हो, आईनंच सांगितलं तुला तसं. ती सांगत होती तेव्हा मी शेजारीच होते की. खिडकीबाहेर बघत बसले.

ऐक. सदुसष्ट साल. बायका जमवते म्हणून बाबा मारायचे, एक दिवस ती निघून गेली. घर सोडलं म्हणून बाबांनीच तिला पोलिसांत दिलं… होताच ना तेव्हा गुन्हा, बाईनं घर सोडणं! सुटून आली, तर मुलं बाबांची. कायद्यानंच. मग दर गुरुवारी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. पाव आणि चॉकलेट, रुमालात बांधून… हो, निळाच होता रुमाल, ते बरोबर घेतलंस. आणि मी जिन्याखाली, झाडू ठेवतात त्या खोलीत. ती जाईपर्यंत बाहेर यायचे नाही… आजीनं शिकवलेलं, ती बाई वाईट आहे म्हणून… लहान होते, हो, सगळे हेच म्हणतील. पण शेवटच्या गुरुवारी आठ वर्षांची होते मी, आइनोआ. शाळेतल्या सिस्टरनं हाताला धरून फाटकापर्यंत नेलं. विचारलं, "ही तुझी आई का?" मी म्हणाले, "नाही. माझी आई मेली."

… मोठ्यानं. स्पष्ट… आई? तिनं पाव सिस्टरच्या हातात दिला, "कुणाही मुलीला द्या" म्हणाली. परत आली नाही.

नंतर एकदम अठ्ठ्याहत्तरमध्ये. तो म्हातारा हुकूमशहा मरून तीन वर्षं झाली होती, मीच तिला शोधत गेले. तिनं काही विचारलं नाही, मी काही बोलले नाही. पंचेचाळीस वर्षं दर रविवारी एकत्र जेवलो गं आम्ही. तो विषय नाही निघाला.

परवा ठरवून गेले होते. फिल्म दाखवायची आणि माफी मागायची. तो प्रसंग आला, पोरगी धावायला लागली, तशी म्हटलं, "आई, हे असं नव्हतं." तिनं माझा हात धरला. म्हणाली, "असंच होतं. तुझा एक मोजा घसरला होता. मी वर ओढला."

… विसरली होती? दोरा चुकलेला कळतो तिला, आणि हे विसरेल?… काय की. तेच तर म्हणते मी, आता कुणाला विचारू? मी "हो आई" म्हटलं. बास. माफी राहिली ती राहिलीच.

काढू नकोस गं, ठेव. तिला तसा हवा होता ना, ठेव… पण मी शुक्रवारी येणार नाही. स्टेजवर उभी करशील, "हीच ती ओबदुलियाची मुलगी" म्हणशील, लोक टाळ्या वाजवतील… नाही. नाही जमायचं मला.

काय?… हं, खुर्च्यांचा आवाज. तेओ, माझा थोरला भाऊ. पाद्री बोलावलाय त्यानं… हो ना! लिहून ठेवलंय तिनं. कागद माझ्या पर्समध्ये आहे, तिच्याच अक्षरात, पाद्री नको, क्रूस नको… सांगितलं की तेओला! म्हणतो, "जन्मभर स्वतःचंच खरं केलं तिनं, आज आमचं ऐकू दे." गावातली माणसं बसलीत सगळी… हो… हो, बरोबर आहे तुझं, कागद समोर धरायला हवा. धरते. अगं, धरते म्हटलं ना… हा काढला बघ हातात… हो, या वेळी तरी.

आले ते. फोन ठेवू नकोस, चालू राहू दे… नमस्कार, फादर. हो, मीच, मुलगी… तेओ, एक मिनिट, मला यांना जरा… ओरडत नाहीये मी… कागद? हा? औषधांचा आहे… काय म्हणालात, फादर?

… नाही. तसं काही सांगून ठेवलेलं नाही तिनं.

करा सुरू.

… आइनोआ?… ऐकलंस ना तू?… आहेस का?… आइनोआ?…